पोस्टग्रेसची आवृत्ती बदलली आणि क्वेरी मंदावली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टग्रेस या डेटाबेसची वर्षाला एक मोठी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. प्रत्यक्षात दरवर्षी अपग्रेड कोणी करत नाही. मुदत संपायला आली की ११ वरून थेट १६, १२ वरून १७ अशी उडी मारली जाते. मधल्या सगळ्या आवृत्त्यांमधले प्लॅनरचे बदल मग एकाच रात्रीत अंगावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस भरलं की खालच्यापैकी एखादा प्रश्न हमखास येतो.

सर्व्हर तोच, डेटा तोच, क्वेरीही तीच. मग एकच रिपोर्ट मंद कसा झाला?

काय हवंय ते क्वेरीत तुम्ही सांगता. ते कसं आणायचं हे प्लॅनर ठरवतो: कुठल्या टेबलपासून सुरुवात करायची, इंडेक्स वापरायचा की अख्खं टेबल वाचायचं, टेबलं जोडायला नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोध), हॅश आणि मर्ज यांपैकी कुठला जॉइन घ्यायचा. प्रत्येक मार्गाचा तो एक काल्पनिक खर्च काढतो आणि सर्वांत स्वस्त मार्ग उचलतो. हा खर्च मिलिसेकंदांत नसतो, तो फक्त तुलनेपुरता आकडा आहे. तो मुख्यतः एकाच गोष्टीवर उभा असतो: प्रत्येक टप्प्यावर किती ओळी निघतील याचा अंदाज.

नव्या आवृत्तीत प्लॅनरला नवे मार्ग मिळतात. अंदाज बरोबर असले तर त्याचा फायदाच होतो. अंदाज चुकलेले असले तर मात्र चुकायला आणखी एक वाट तयार होते. जुन्या आवृत्तीतही अंदाज चुकतच होता, पण तिथे तो घातक मार्गच नव्हता, म्हणून निभावून गेलं. ‘नवीन आवृत्ती खराब आहे’ असं म्हणण्याआधी हे तपासा. माझ्या मते बहुतेक तक्रारींचं मूळ जुन्या डेटाबेसमध्येच असतं आणि अपग्रेड फक्त ते उघडं पाडतं. बहुतेक म्हणतोय, सगळ्या नाही. खरोखर प्लॅनरच्याच असलेल्या गोष्टी पुढे आहेत.

अपग्रेड झाल्यापासून एकच नाही, सगळंच मंद आहे.

मग प्लॅनरला दोष देऊ नका, त्याच्याकडे आकडेवारीच नसणार. १७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर जाताना पीजी_अपग्रेड हे अपग्रेडचं साधन डेटा नेतं, पण टेबलांची आकडेवारी नेत नाही. कुठल्या कॉलममध्ये किती वेगळ्या किमती आहेत, कुठली किंमत जास्त वेळा येते, यातलं काहीच नव्या क्लस्टरला (म्हणजे नव्या आवृत्तीच्या सर्व्हरला) माहीत नसतं. तो ठोकताळ्यांवर प्लॅन बनवतो आणि ते भयंकर असतात.

उपाय ठरलेला आहे. व्हॅक्यूमडीबी हे साधन ‘ऑल’ आणि ‘अ‍ॅनलाइझ-इन-स्टेजेस’ हे पर्याय देऊन चालवा. ते तीन फेऱ्यांत काम करतं. पहिल्या फेरीत अगदी ढोबळ आकडेवारी लगेच हाती येते, शेवटच्या फेरीत नेहमीची पूर्ण. लोकांना आत सोडण्याआधी निदान पहिली फेरी तरी संपू द्या.

२०२५ मध्ये आलेल्या १८ पासून पीजी_अपग्रेड आकडेवारी सोबत नेतं. हा फार मोठा दिलासा आहे. मात्र ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने बनवलेली विस्तारित आकडेवारी त्यातही येत नाही, ती पुन्हा गोळा करावीच लागते. त्यासाठी व्हॅक्यूमडीबीला ‘मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली’ हा नवा पर्याय दिलेला आहे.

दोन जागा हमखास राहून जातात. पार्टिशन केलेल्या (तुकड्यांत विभागलेल्या) टेबलच्या मूळ पालक टेबलवर ऑटोव्हॅक्यूम ही मागे चालणारी देखभाल आपणहून अ‍ॅनलाइझ, म्हणजे आकडेवारी गोळा करत नाही, ते हातानेच करायचं असतं. आणि एखाद्या सूत्रावर नवा इंडेक्स बांधलात, तर त्या सूत्राची आकडेवारी पुढचं अ‍ॅनलाइझ होईपर्यंत नसते.

अ‍ॅनलाइझही केलं. तरी सगळीकडे सीक्वेन्शियल स्कॅनच (अख्ख्या टेबलचं वाचन) दिसतोय.

कॉन्फिगरेशन फाइल उघडून बघा. पीजी_अपग्रेड जुन्या क्लस्टरच्या सेटिंग्ज नव्यात आणत नाही. ‘ऑल्टर सिस्टम’ने केलेले बदलही मागेच राहतात, कारण ते वेगळ्या फाइलमध्ये असतात. विशिष्ट डेटाबेसवर किंवा युजरवर ‘ऑल्टर’ने लावलेली सेटिंग्ज मात्र सोबत येतात, म्हणून अर्धं बरोबर आणि अर्धं चूक असं विचित्र चित्र दिसतं. डेबियन आणि उबुंटूवरचं पीजी_अपग्रेडक्लस्टर हे काम करून देतं, त्यामुळे तिथल्यांना हा फटका सहसा बसत नाही.

नव्या क्लस्टरमध्ये रँडम_पेज_कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे वाचण्याचा धरलेला खर्च) पुन्हा ४ वर आलेलं असतं. एसएसडीवर तुम्ही ते कधीतरी १.१ केलं होतं आणि विसरून गेला होतात. वर्क_मेम (सॉर्ट, हॅश अशा एकेका कामाला मिळणारी मेमरी) परत ४ एमबी, इफेक्टिव्ह_कॅश_साइझ (कॅशचा धरलेला आकार) परत ४ जीबी. चौसष्ट जीबीच्या सर्व्हरवर प्लॅनर गरिबीत संसार करत असतो. जुन्या आणि नव्या सर्व्हरवरचा पीजी_सेटिंग्ज शेजारी शेजारी ठेवून फरक काढा, काम तिथेच संपायची शक्यता मोठी आहे.

एकच क्वेरी अडली आहे. तिच्या प्लॅनमध्ये नेमकं काय बघायचं?

प्लॅन दाखवणाऱ्या एक्स्प्लेन या कमांडला अ‍ॅनलाइझ (इथे त्याचा अर्थ क्वेरी खरोखर चालवून मोजणं) आणि बफर्स (किती पानं वाचली ते) हे दोन्ही पर्याय द्या. १८ मध्ये अ‍ॅनलाइझ दिलं की बफर्स आपोआप येतं. जुनी आवृत्ती अजून जिवंत असेल तर तिथलाही प्लॅन काढा. एकट्या नव्या प्लॅनकडे कितीही टक लावून पाहिलंत तरी बदललं काय ते कळत नाही.

आधी वेळेकडे जाऊ नका. सर्वांत आतल्या पायरीपासून बाहेर येत जा आणि प्रत्येक ठिकाणी अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी ताडून बघा. दुप्पट-तिप्पट फरक चालतो. शंभरपट फरक पहिल्यांदा जिथे दिसतो, आजार तिथे आहे. त्याच्या वरच्या सगळ्या विचित्र पायऱ्या हा त्याचा परिणाम आहे. एक फसवी जागा लक्षात ठेवा: प्रत्यक्ष ओळींचा आकडा हा एका फेरीची सरासरी असतो. लूप्स ५०,००० आणि ओळी ३ असं लिहिलं असेल, तर एकूण दीड लाख ओळी निघाल्या. घाईत हा आकडा ‘तीनच तर आहेत’ म्हणून सोडला जातो.

पण आकडेवारी ताजी असताना अंदाज चुकतोच कसा?

कारण प्लॅनर मुळात दोन अटी एकमेकींपासून स्वतंत्र मानतो. लाभार्थ्यांच्या एक कोटी ओळींचं टेबल घ्या, त्यात जिल्हा आणि तालुका असे दोन कॉलम. महाराष्ट्रात जिल्हे ३६, तालुके ३५८. हिशोबापुरतं धरू की नोंदी सगळीकडे सारख्या पसरल्या आहेत. ‘जिल्हा रत्नागिरी आणि तालुका दापोली’ असं विचारलं की प्लॅनर दोन्ही प्रमाणं गुणतो: छत्तिसातला एक, त्यातून पुन्हा ३५८ मधला एक. उत्तर सुमारे ७७६ ओळी. प्रत्यक्षात दापोली रत्नागिरीतच असल्यामुळे जिल्ह्याच्या अटीने काहीच कमी होत नाही आणि जवळपास २८ हजार ओळी निघतात. ७७६ ओळींसाठी नेस्टेड लूप शहाणपणाचा ठरतो. २८ हजार वेळा दुसऱ्या टेबलच्या इंडेक्समध्ये शिरणं मात्र महागात जातं. अशी तीन टेबलं जोडली की चूकही गुणाकारानेच वाढते.

यावर ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ हे औषध आवृत्ती १० पासून आहे. डिपेन्डन्सीज प्रकार प्लॅनरला सांगतो की तालुका कळला की जिल्हा कळतो. हे नातं शंभर टक्के नसलं तरी चालतं, कारण किती प्रमाणात खरं आहे तेही मोजून ठेवलं जातं. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही, खेड पुण्यातही आणि रत्नागिरीतही. एवढ्याने बिघडत नाही. पण ‘जिल्हा पुणे, तालुका दापोली’ अशी अशक्य जोडी विचारली तर हा प्रकार उलट बाजूने फसतो. मग १२ मध्ये आलेला एमसीव्ही प्रकार वापरायचा, त्यात नेहमी येणाऱ्या जोड्या प्रत्यक्ष नोंदलेल्या असतात. १४ पासून सूत्रांवरही अशी आकडेवारी ठेवता येते.

कॉलम एकच असेल पण त्यातल्या किमती फार विषम पसरल्या असतील, तर त्या कॉलमचं स्टॅटिस्टिक्स टार्गेट १०० वरून ५०० किंवा १,००० करून अ‍ॅनलाइझ करा. ठरलेल्या १०० वर अ‍ॅनलाइझ फक्त ३०,००० ओळींचा नमुना घेतं. दहा कोटींच्या टेबलला तो कधी कधी तोकडा पडतो.

१२ वर आल्यापासून ‘विथ’वाली क्वेरी बिघडली. काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. ११ पर्यंत ‘विथ’ने लिहिलेला भाग (क्वेरीच्या सुरुवातीला नाव देऊन लिहिलेली उपक्वेरी) आधी वेगळा चालायचा, त्याचा निकाल बाजूला ठेवला जायचा आणि मग बाकीची क्वेरी. बाहेरची अट आत झिरपत नसे. अनेक जणांनी याचाच फायदा घेऊन ‘विथ’चा कुंपणासारखा वापर केला होता: प्लॅनरने इथे नाक खुपसू नये म्हणून. २०१९ च्या १२ पासून, असा भाग रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारा) नसेल, त्याचे काही दुष्परिणाम (डेटा बदलण्यासारखे) नसतील आणि तो एकदाच वापरलेला असेल, तर तो बाकीच्या क्वेरीत मिसळला जातो. बहुतेक क्वेऱ्या याने सुधारल्या. ज्यांनी कुंपण मुद्दाम घातलं होतं त्यांचं कुंपण मात्र गेलं.

जुनं वागणं हवं असेल तर ‘अ‍ॅज’नंतर ‘मटीरियलाइज्ड’ लिहा. उलट, दोनदा वापरलेला भाग मिसळायला लावायचा असेल तर ‘नॉट मटीरियलाइज्ड’. हा बदल मला मनापासून आवडतो, कारण आधी जे गुपचूप घडत होतं ते आता क्वेरीत स्पष्ट लिहावं लागतं. १७ मध्ये आणखी एक भर पडली: बाजूला ठेवलेल्या निकालातल्या कॉलमांची आकडेवारी आणि क्रमही प्लॅनर आता विचारात घेतो.

क्वेरी ४० मिलिसेकंदांची होती, आता अर्धा सेकंद लागतो. प्लॅन मात्र हुबेहूब तोच आहे!

प्लॅनच्या अगदी तळाशी जेआयटी नावाचा तुकडा आहे का बघा. जेआयटी ११ मध्ये आलं, पण तेव्हा बंद असायचं. १२ पासून ते आपोआप चालू झालं. क्वेरीचा अंदाजित खर्च एक लाखाच्या वर गेला की तिच्यातली सूत्रं एलएलव्हीएम या कंपायलरकडून मशीन कोडमध्ये रूपांतरित केली जातात, पाच लाखांच्या वर गेला की आणखी मेहनतीने. तासभर चालणाऱ्या विश्लेषणाच्या क्वेरीला याचा उपयोग होतो. छोट्या क्वेरीत रूपांतरालाच मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो. तयार झालेला कोड पुढच्या वेळेसाठी जपूनही ठेवला जात नाही.

खर्चाचा आकडा फुगलेला असला की हा फटका बसतो आणि अनेक पार्टिशन असलेल्या टेबलांवर तो सर्वांत जोरात बसतो. माझा सल्ला थोडा उद्धट आहे: लहान लहान व्यवहारांची सिस्टम असेल तर जेआयटी सरळ बंद करा आणि विसरून जा. रिपोर्टिंगच्या युजरसाठी हवं तर वेगळं चालू ठेवा. या पानावर सर्व्हरभर एखादी गोष्ट बंद करायला मी फक्त इथेच सांगतोय.

१३ आणि १४ मध्ये काय बदललं?

१३ मध्ये दोन गोष्टी बदलल्या. पहिली, ‘ग्रुप बाय’साठीचं हॅश अ‍ॅग्रिगेट, म्हणजे मेमरीत गट पाडणारी पायरी. पूर्वी अंदाज चुकला तर ते वर्क_मेमची मर्यादा ओलांडून मेमरी खात सुटायचं. कधी सर्व्हर मरायचा, पण बहुतेक वेळा काम भुर्रकन व्हायचं. १३ पासून मर्यादा आली की ते डिस्कवर लिहायला लागतं. वागणं शिस्तीचं झालं, क्वेरी मंद झाली. प्लॅनमध्ये या पायरीखाली बॅचेस आणि डिस्क युसेज दिसलं तर हेच आहे. हॅशला वर्क_मेमच्या किती पट मेमरी द्यायची हे ठरवणारं हॅश_मेम_मल्टिप्लायर वाढवा. १३ आणि १४ मध्ये त्याची ठरलेली किंमत १ होती, १५ पासून ती २ झाली. ते आपोआप २ झालं यातच बरंच काही आलं.

दुसरी गोष्ट इन्क्रिमेंटल सॉर्ट. डेटा आधीच तारखेनुसार लावलेला असेल आणि तुम्हाला तारीख व नाव असा क्रम हवा असेल, तर प्रत्येक तारखेचा गट घेऊन तेवढाच सॉर्ट केला जातो. कल्पना सुंदर आहे. ‘लिमिट’ असलेल्या क्वेरीत मात्र ती फसू शकते. ‘लिमिट १०’ दिसलं की प्लॅनर धरून चालतो की जुळणाऱ्या ओळी टेबलभर सारख्या विखुरल्या आहेत आणि दहा लवकर सापडतील. त्या सगळ्या शेवटच्या महिन्यातल्या असतील तर बिचारा सुरुवातीपासून सगळं चाळत बसतो. ‘लिमिट’चा हा आजार फार जुना आहे. इन्क्रिमेंटल सॉर्टमुळे फक्त तो मार्ग आणखी स्वस्त दिसायला लागला.

१४ मध्ये मेमोइझ आलं. नेस्टेड लूपमध्ये एकदा शोधलेली किंमत जपून ठेवायची आणि ती परत आली की पुन्हा शोधायची नाही. किती वेगळ्या किमती येतील हा अंदाज इथे कळीचा असतो. प्लॅनमध्ये हिट्स कमी आणि मिसेस व इव्हिक्शन्स भरपूर दिसले, तर प्लॅनरने हॅश जॉइन सोडून उगाच हा मार्ग धरला असं समजा आणि त्या कॉलमची आकडेवारी सुधारा.

१७ आणि १८ मध्ये काही धोका?

आतापर्यंत पाहता फायदाच जास्त. १७ मध्ये ‘इन’मधली लांबलचक यादी बी-ट्री (नेहमीच्या) इंडेक्सवर पुष्कळ कमी फेऱ्यांत शोधली जाते. १८ मध्ये स्किप स्कॅन आला, म्हणजे इंडेक्सच्या पहिल्या कॉलमवर अट नसली तरी पुढच्या कॉलमसाठी तो वापरता येतो. शिवाय टेबलने स्वतःशीच केलेले अनावश्यक जॉइन काढून टाकले जातात, ओआरएमने (कोडमधून आपोआप क्वेरी बनवणाऱ्या साधनाने) बनवलेल्या क्वेऱ्यांसाठी हे वरदान आहे.

हाताने चालवली की क्वेरी झटकन येते, अ‍ॅप्लिकेशनमधून मात्र रखडते.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून वेगवेगळ्या किमतींनी पुन्हा पुन्हा चालवलेली क्वेरी) असणार. पहिल्या पाच वेळा प्लॅनर प्रत्यक्ष किमती बघून प्लॅन बनवतो. सहाव्या वेळेपासून एक सामाईक प्लॅन त्यांच्या सरासरी खर्चाच्या तोडीचा वाटला, तर तोच पक्का धरतो. हे ९.२ पासून असंच आहे. आवृत्ती बदलली की दोन्ही खर्चांचे हिशोब थोडे हलतात आणि काल न निवडलेला सामाईक प्लॅन आज निवडला जातो. प्लॅन_कॅश_मोड ‘फोर्स_कस्टम_प्लॅन’ करून बघा, शक्यतो त्या युजरपुरतंच. १६ पासून एक्स्प्लेनला जेनेरिक_प्लॅन हा पर्याय देऊन सामाईक प्लॅन कसा दिसतो तेही पाहता येतं.

नेस्टेड लूप बंद केला की क्वेरी पळते. कॉन्फिगरेशनमध्येच बंद ठेवू का?

नका ठेवू. ‘एनेबल_नेस्टलूप’सारखी बटणं निदानासाठी आहेत. सेशनमध्ये बंद करून बघा, दुसरा प्लॅन किती खर्चाचा होता ते कळेल. सर्व्हरभर बंद ठेवलं तर ज्या शेकडो क्वेऱ्या नेस्टेड लूपवर उत्तम चालत होत्या त्यांचं वाटोळं होतं, आणि दोन वर्षांनी ते बटण कोणी का दाबलं हे सांगायला कोणी उरत नाही. अगदीच गळ्याशी आलं असेल तर एका ट्रान्झॅक्शनपुरतं ‘सेट लोकल’ वापरा.

ओरॅकलसारखं ‘जुन्याच प्लॅनरने चालव’ असं सांगता येतं का?

नाही. ओरॅकलमध्ये ऑप्टिमायझर_फीचर्स_एनेबल आहे. एसक्यूएल सर्व्हरने २०१४ च्या आवृत्तीत ओळींचा अंदाज काढण्याची पद्धतच बदलली, तेव्हा कम्पॅटिबिलिटी लेव्हल जुनी ठेवून जुनी पद्धत वापरायची सोय दिली. पोस्टग्रेसमध्ये असा एकच खटका नाही. क्वेरीत लिहायचे हिंट्सही (प्लॅनरला द्यायच्या सूचना) मूळ उत्पादनात नाहीत. पीजी_हिंट_प्लॅन हे एक्स्टेन्शन ते देतं आणि अडचणीच्या रात्री ते खरंच उपयोगी पडतं. पण हिंट लावलेली क्वेरी डेटा बदलला तरी त्याच वाटेने जात राहते, म्हणून लावलेल्या प्रत्येक हिंटची कुठेतरी नोंद ठेवा.

१६.३ वरून १६.४ अशा छोट्या अपडेटने प्लॅन बदलतो का?

सहसा नाही. चालू आवृत्तीतले प्लॅन हलू नयेत याची काळजी घेतली जाते, छोट्या अपडेटमध्ये फक्त दुरुस्त्या असतात. ती लावायला घाबरू नका. प्लॅन त्याच सुमारास बदलला असेल तर अ‍ॅनलाइझने घेतलेला नवा नमुना किंवा वाढलेला डेटा हे जास्त संभवनीय कारण आहे.

आमच्याकडे मायएसक्यूएल आहे. तिथेही हेच?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. ८.० मध्ये क्वेरी कॅश काढून टाकली गेली, ८.०.१८ मध्ये हॅश जॉइन आला. सर्वांत जास्त गोंधळ मात्र वेगाशी संबंध नसलेल्या बदलाने घातला: ‘ग्रुप बाय’ केलं की निकाल आपोआप क्रमाने येणं ८.० पासून बंद झालं. क्रम हवा असेल तर ‘ऑर्डर बाय’ लिहा.

अपग्रेडच्या आधी काय करून ठेवू?

जुन्या सर्व्हरवर पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (क्वेऱ्यांच्या वेळांची नोंद ठेवणारं एक्स्टेन्शन) चालू करून निदान एक महिनाअखेर त्यात येऊ द्या. पगाराच्या आणि हिशोबाच्या क्वेऱ्या एरवी दिसत नाहीत आणि नेमक्या त्याच अडतात. एकूण वेळेनुसार वरच्या पन्नासेक क्वेऱ्यांचे प्लॅन काढून ठेवा. क्वेरीचा आयडी मोठ्या आवृत्तीगणिक बदलू शकतो, तेव्हा तुलना मजकुरावरून करा. १३ मध्ये टोटल_टाइम हा कॉलम टोटल_एक्झेक_टाइम झाला, जुनी स्क्रिप्ट तिथे फुटेल. नव्या सर्व्हरवर पहिला आठवडा ऑटो_एक्स्प्लेन लावून ठेवा, म्हणजे मंद क्वेरीचा प्लॅन लॉगमध्ये आपोआप सापडेल. चाचणीला पूर्ण डेटाची प्रत घ्या. दहा टक्के डेटावर मिळणारा प्लॅन वेगळाच असतो आणि त्याने खोटा धीर येतो.

सोबत ऑपरेटिंग सिस्टमही बदलत असाल तर जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती तपासा. २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. त्या रेषेच्या अलीकडून पलीकडे तीच डेटा फाइल उचलून नेली की मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरतात. क्वेरी मंद होत नाही, उत्तरच चुकतं. असे इंडेक्स री-इंडेक्स करावेच लागतात.

काहीच जमत नसेल तर जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल का?

पीजी_अपग्रेड उलट दिशेने चालत नाही. कॉपी पद्धतीने अपग्रेड केलं असेल तर जुना क्लस्टर जागेवर असतो, पण नंतर आलेला डेटा त्यात नसतो. लिंक पद्धतीने (डेटा फाइल कॉपी न करता त्याच वापरून) केलं असेल आणि नवा क्लस्टर एकदा सुरू केला असेल, तर जुना सुरक्षितपणे वापरता येत नाही, बॅकअपच लागतो. परतीची वाट खरंच उघडी हवी असेल तर लॉजिकल रेप्लिकेशनने (एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्याकडे सतत पाठवत) अपग्रेड करा आणि नव्याकडे वळल्यावर नव्याकडून जुन्याकडे उलटं रेप्लिकेशन काही दिवस चालू ठेवा. सीक्वेन्सच्या (आपोआप क्रमांक देणाऱ्या काउंटरच्या) किमती आणि टेबलरचनेतले बदल तेव्हा हाताने सांभाळावे लागतील.